एनॅमल म्हणजे नेमकं कुठलं? मगावरचं, डब्यातलं, तारेवरचं की दातावरचं?

एनॅमलच्या मगाचा काठ कुठेतरी आपटतो आणि टवका उडतो. ती जागा नीट न्याहाळली तर तीन रंग दिसतात. बाहेर पांढरा थर, त्याच्या आत काळपट निळी कड, आणि मधोमध उघडा पडलेला पत्रा, जो दोन-चार दिवसांत तांबूस होतो. पांढरा आणि निळा मिळून जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. हा रंग नव्हे, ही काच आहे, पत्र्यावर वितळवून बसवलेली.

रंगाच्या दुकानातला ‘एनॅमल’ लिहिलेला डबा उघडला, तर त्यात या काचेचा लवलेशही नसतो. त्यात तेलापासून बनवलेलं रेझिन, म्हणजे राळेसारखा चिकट पदार्थ असतो. पंख्याच्या मोटरमधली तार ‘एनॅमल्ड’ म्हणवते, पण तिच्यावरचा लेप प्लॅस्टिकच्या कुळातला. दातावरचं एनॅमल तर शरीराने स्वतः घडवलेलं खनिज. चौघांचं रसायन एकमेकांच्या जवळपासही जात नाही. आत एक धड आणि त्यावर पातळ, कडक, चकचकीत कवच, एवढंच काय ते साम्य. तेही दिसण्यातलं आहे, वागण्यातलं नाही. म्हणून एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की घोटाळा होतो. मगाचा टवका एनॅमल पेंटने बुजवणं हा त्यातला नेहमीचा. आचेवर तो पेंट पिवळा पडून सुटतो, आणि खाण्यापिण्याच्या भांड्यात तो मुळात जायलाच नको.

युरोपीय भाषांतल्या या शब्दाच्या मुळाशी ‘वितळवणे’ हा अर्थ आहे. गंमत अशी की चौघांपैकी खरोखर वितळवलेलं एकच, काचेचं. बाकीच्यांना नाव मिळालं ते चकाकीमुळे. आपल्याकडचा जुना शब्द मिना, फारसीतून आलेला, त्यावरून मीनाकारी. दातावरच्या थराला मराठीत दंतवल्क म्हणतात. वल्क म्हणजे झाडाची साल. शब्द देखणा आहे, पण थोडा फसवा. साल पुन्हा येते, दंतवल्क येत नाही.

काच पत्र्याला धरते कशी

वाळू (म्हणजे सिलिका), बोरॅक्स, फेल्डस्पार, सोडा असं मिश्रण ११०० ते १३०० अंश सेल्सिअसला वितळवतात आणि तो लालभडक रस थेट पाण्यात ओततात. तडकून त्याचा चुरा होतो. त्याला फ्रिट म्हणतात. हा चुरा बॉल मिलमध्ये, म्हणजे आत गोळे असलेल्या फिरत्या पिंपात, थोडी चिकणमाती आणि पाणी घालून दळला की सायीइतका दाट लेप तयार होतो. चिकणमातीचं काम काचेचे कण तळाशी बसू न देण्याचं. पत्र्याची वस्तू या लेपात बुडवतात किंवा तिच्यावर तो फवारतात, पूर्ण वाळवतात आणि ८०० ते ८५० अंशांच्या भट्टीत तीन ते पाच मिनिटं ठेवतात. एवढ्या वेळात काच वितळून सपाट पसरते.

नुसती काच लोखंडावर ओतली तर थंड झाल्यावर ती सुटून येते. म्हणून पहिला थर वेगळा असतो. त्यात कोबाल्ट आणि निकेलची ऑक्साइडं अगदी थोड्या प्रमाणात घातलेली असतात. भट्टीत पत्र्याच्या पृष्ठभागावर लोखंडाचं ऑक्साइड तयार होतं आणि वितळलेली काच ते विरघळवून घेते. त्याच वेळी कोबाल्ट लोखंडाशी देवाणघेवाण करून पत्र्याला सूक्ष्म खड्डे पाडतो. काच त्या खड्ड्यांत शिरते. थोडक्यात, ती पत्र्यावर बसत नाही, पत्र्यात रुतते. टवक्यात दिसणारी काळपट निळी कड ती हीच, आणि तो रंग कोबाल्टचा. त्यावरचा पांढरा थर टायटॅनियम डायऑक्साइडमुळे पांढरा दिसतो. त्याचं काम दिसण्याचं आणि आम्लाला तोंड देण्याचं. पकड सगळी निळ्याची.

दुसरी भानगड प्रसरणाची. तापमान एक अंशाने बदललं की पोलादाचा एक मीटर साधारण १२ मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बदलतो, आणि एनॅमलची काच मुद्दाम त्याहून कमी, ८ ते १० मायक्रॉनची बनवतात. भट्टीतून बाहेर आल्यावर पत्रा जास्त आक्रसतो आणि काचेला चहूबाजूंनी दाबून धरतो. काच दाब झकास सोसते, ताण मात्र अजिबात नाही. म्हणून कायम दाबाखाली ठेवलेलं एनॅमल सहज तडकत नाही. गणित उलटं झालं, काच पत्र्यापेक्षा जास्त आक्रसली, तर तिच्यावर जाळीदार बारीक तडे उमटतात.

याच दाबाची एक किंमत आहे. बाहेर फुगलेल्या कडेवर तो काचेला बाहेरच्या दिशेने ढकलतो. म्हणून टवके नेहमी काठावर, कानाच्या बुडाशी, तोटीच्या टोकावर उडतात. सपाट बुडावर क्वचित. चांगल्या वस्तूचा काठ गुंडाळून गोल केलेला असतो आणि कोपरे धारदार नसतात. याच कारणाने थर जाड दिला म्हणजे वस्तू टिकाऊ, हा समज चूक. जाड थरात साठलेला ताण जास्त, आणि टवकाही मोठा उडतो. एनॅमलचा कस जाडीत नाही, सांध्यात आहे, म्हणजे कवच आणि धड जिथे जुळतात तिथे. हे पेंटलाही लागू आहे आणि, पुढे येईल तसं, दातालाही.

बिघडतं कुठे? पत्र्यात कार्बन जास्त असेल तर तो भट्टीत ऑक्साइडशी भिडून कार्बन मोनॉक्साइड वायू करतो. बुडबुडे फुटतात आणि पांढऱ्यावर काळे ठिपके राहतात. म्हणून एनॅमलसाठी अगदी कमी कार्बनचा पत्रा वापरतात. तेलाचा अंश राहिला, बोटाचे ठसे राहिले, तरी तिथली पकड जाते. सगळ्यात चिडवणारा दोष म्हणजे ‘फिश स्केल’, माशाच्या खवल्यासारखा. भट्टीत लेपातल्या पाण्यामुळे आणि हवेतल्या दमटपणामुळे हायड्रोजन तयार होतो आणि तापलेलं पोलाद तो पिऊन टाकतं. थंड झाल्यावर पोलादाला तो धरून ठेवता येत नाही. तो सांध्यापाशी गोळा होतो, दाब वाढतो, आणि अर्धचंद्राच्या आकाराची खपली टपकन उडते. कधी काही तासांनी, तर कधी काही दिवसांनी. तपासणीत पास झालेली वस्तू गोदामात पडल्यापडल्या खराब होते ती अशी. उपाय काचेत नसतो, पत्र्याच्या निवडीत असतो. हायड्रोजन अडकवून ठेवायला आत सूक्ष्म पोकळ्या असलेला पत्रा लागतो.

बिडाच्या बाथटबची रीत निराळी. टब लालबुंद तापवून बाहेर काढतात आणि तसाच त्यावर काचेची कोरडी भुकटी चाळणीने पेरतात. पडताक्षणी ती वितळते.

वापरताना काय सांभाळायचं ते या सगळ्यातून आपोआप निघतं. रिकामं भांडं आचेवर ठेवू नये. गरम भांड्यावर थंड पाणी ओतू नये. पत्रा आणि काच वेगवेगळ्या वेगाने आक्रसतात आणि सांधा सुटतो. तारेच्या घासणीने चकाकी जाते, मग डाग आणखी घट्ट धरतात. करपलेल्यासाठी लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून दहा मिनिटं उकळलं की पुष्कळसं सुटतं. आतल्या बाजूला दिसणाऱ्या करड्या रेघा बहुतेक वेळा ओरखडे नसतात. एनॅमल स्टीलच्या चमच्याहून कठीण असतं, म्हणून चमच्याचाच धातू त्यावर घासून उतरलेला असतो. सौम्य घासण्याच्या पावडरीने तो जातो. आतल्या बाजूचा टवका उडाला तर मात्र ते भांडं स्वयंपाकातून काढावं. गंजापेक्षा काचेच्या कपच्यांची भीती जास्त, कारण एकदा कड उघडी पडली की आजूबाजूचंही सुटत राहतं. जुन्या, कुठल्या कारखान्याची ते माहीत नसलेल्या भांड्यांबद्दल आणखी एक खबरदारी. पूर्वी पांढऱ्यासाठी अँटिमनी आणि लाल-पिवळ्यासाठी कॅडमियम वापरलं जाई. अशा भांड्यात आंबट पदार्थ ठेवल्यास ते उतरू शकतं. स्वस्त अँटिमनीच्या भांड्यांत करून ठेवलेल्या लिंबाच्या सरबताने विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.

पाणी तापवायच्या गीझरच्या टाकीला आतून हेच एनॅमल असतं, आणि जाहिरातीत त्याला ‘ग्लासलाइन्ड’ म्हणतात. एवढ्या मोठ्या टाकीत सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतातच. म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी बसवतात, जी लोखंडाऐवजी स्वतः झिजते. कांडी संपली की टाकी गंजायला लागते, एनॅमल कितीही चांगलं असो. पाणी जड असेल तर ती वर्षातून एकदा तरी काढून बघावी. बरेचजण टाकी गळेपर्यंत ही कांडी आहे हेच विसरलेले असतात.

औषधं आणि रसायनं बनवणाऱ्या कारखान्यांतल्या रिअॅक्टरना याच तत्त्वाचं, पण एक ते दोन मिलिमीटर जाडीचं अस्तर असतं. बहुतेक आम्लं त्याला काही करू शकत नाहीत. हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खातं, आणि गरम तीव्र अल्कलीही.

मिना

दागिन्यातला मिना म्हणजे हीच काच, फक्त खाली सोनं, चांदी किंवा तांबं. कोंदणात रंग भरण्याच्या दोन मुख्य रीती. धातू कोरून खळगे करायचे आणि त्यात काच भरायची, ही मीनाकारीची रीत, जिच्यासाठी जयपूर प्रसिद्ध आहे. किंवा केसासारख्या चपट्या तारा उभ्या बसवून घरं आखायची आणि ती भरायची; याला फ्रेंच नाव क्लॉइझने, आणि चीनमध्ये ही कला फार पुढे गेली.

तांब्यावर करायचं तर साधारण पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा पत्रा घेतात. काचेची भुकटी पाण्याने तीन-चारदा धुतात, वरचं गढूळ पाणी ओतून देतात. ही बारीक धूळ राहिली तर पारदर्शक रंग दुधाळ होतो. ओली भुकटी पातळ थरात भरायची, पूर्ण सुकवायची (ओल राहिली तर वाफ होऊन काच उडते), आणि सुमारे ७५० ते ८२० अंशांना दोन-तीन मिनिटं ठेवायची. भट्टीत डोकावलं तर आधी साखरेसारखं खरखरीत दिसतं, मग संत्र्याच्या सालीसारखं, आणि शेवटी आरशासारखं. तेव्हा बाहेर. आक्रसून भरलेली घरं खाली बसतात, म्हणून हे तीन ते पाच वेळा. पाठीमागेही काचेचा थर लागतो, नाहीतर एकाच बाजूच्या ताणाने पत्रा वाकतो आणि पुढची काच तडकते. नवशिक्यांचे तुकडे फुटतात ते बहुधा इथेच. पितळ टाळावं. त्यातलं जस्त भट्टीत त्रास देतं.

शर्टाला लावायच्या ‘सॉफ्ट एनॅमल’ बिल्ल्यांत मात्र रंग किंवा रेझिन भरलेलं असतं. ‘हार्ड एनॅमल’ म्हणून विकले जाणारेही बहुतेक वेळा घासून सपाट केलेलं रेझिनच. ओळख सोपी आहे. काचेवर सुईच्या टोकाने खूण उमटत नाही, रेझिनवर उमटते.

डब्यातलं एनॅमल

साधं सिंथेटिक एनॅमल म्हणजे अल्किड रेझिन, टर्पेंटाइनसारखा द्रावक, रंगद्रव्य आणि थोडे ड्रायर. ते ‘वाळतं’ ते दोन टप्प्यांत. आधी द्रावक उडून जातो, काही तासांत हाताला चिकटेनासं होतं. मग हवेतला ऑक्सिजन रेझिनच्या साखळ्या एकमेकांना जोडतो, आणि पूर्ण कडक व्हायला आठवडाभर लागू शकतो. या दुसऱ्या कामाला गती द्यायला ड्रायर म्हणून कोबाल्टचेच क्षार घालत आले आहेत. मगाच्या निळ्या थरातला कोबाल्ट इथे असा पुन्हा भेटतो, काम मात्र पूर्ण वेगळं.

ऑक्सिजन वरून येतो, हे लक्षात ठेवलं की बरेच दोष उलगडतात. एकदम जाड हात मारला तर वरची साय आधी कडक होते, खालचं ओलं राहतं, आणि वरची साय फुगून सुरकुत्या पडतात. दोन पातळ हात, मधे डब्यावर लिहिलेलं अंतर (साधारण रात्रभर), आणि मधल्या वेळी बारीक पॉलिश पेपर, ही रीत त्यासाठीच. एका हाताची सुकलेली जाडी २५ ते ३५ मायक्रॉन, म्हणजे मगावरच्या काचेच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढी. पांढरं अल्किड उजेड नसेल तिथे पिवळं पडतं. कपाटाच्या आतली बाजू, तसबिरीमागची भिंत. मळ समजून घासत बसण्यात अर्थ नसतो.

ताज्या सिमेंटच्या गिलाव्यावर हे लावू नये. सिमेंटची अल्कली रेझिनच्या तेलाचा चक्क साबण करते आणि रंग चिकट होऊन पापुद्र्याने निघतो. जस्ताच्या पत्र्यावरही असंच होतं, जस्ताचा साबण होऊन. तिथे आधी एच (etch) प्रायमर लागतो, ज्यात फॉस्फोरिक आम्ल असतं. ते पृष्ठभाग किंचित खाऊन पकड तयार करतं. उघड्या लोखंडावर गंज खरवडून रेड ऑक्साइड प्रायमर. तेलकट रंगाच्या बोळ्यांचा ढीग कोपऱ्यात टाकू नये. ऑक्सिजनशी संयोग होताना उष्णता निघते, आणि जवसाच्या तेलाचे बोळे तर आपोआप पेटतात. पसरून वाळवावेत किंवा पाण्यात भिजवून ठेवावेत.

फ्रिज किंवा सायकलवरचं ‘स्टोव्हिंग एनॅमल’ १२० ते १५० अंशांच्या ओव्हनमध्ये वीस-तीस मिनिटं भाजून कडक केलेलं असतं. नखांचं एनॅमल, म्हणजे नेलपॉलिश, हे नायट्रोसेल्युलोज. ते फक्त द्रावक उडून वाळतं, म्हणून रिमूव्हरने पुन्हा विरघळतं.

तारेवरचं

वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेवरचा लेप दोन-तीन शतांश मिलिमीटरचा, पण तो एकदम दिलेला नसतो. तार पुन्हा पुन्हा वार्निशमधून आणि भट्टीतून, दहा-वीस वेळा जाते. एका थरातलं छिद्र दुसरा झाकतो. लेपाची जात तापमानावरून सांगतात: १५५, १८०, २०० अंश वगैरे. त्या मर्यादेच्या वर दर दहा अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं, असा कामचलाऊ हिशेब आहे.

रिवाइंडिंगमधली नेहमीची चूक म्हणजे जुन्या तारेचा व्यास लेपासकट मोजणं. ०.५ मिलिमीटरची तार लेपासकट ०.५४ ते ०.५६ भरते, आणि मग जाड तार आणली की ती खाचेत मावत नाही. लेप काढून मोजावं. पॉलियुरेथेनचा लेप सुमारे ३९० अंशांच्या सोल्डरमध्ये आपोआप निघतो. जास्त तापमानाच्या जातींवर सोल्डर चढतच नाही, तिथे ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने पूर्ण गोल खरवडावं लागतं. अर्धवट खरवडलेला जोड मीटरवर ठीक दाखवतो आणि भार आला की तापतो. ट्रान्सफॉर्मरमध्ये शेजारच्या दोन फेऱ्यांचा लेप फाटला तर तेवढी एक फेरी शॉर्ट होते, तिच्यात प्रचंड प्रवाह फिरतो, आणि तिथून जळायला सुरुवात होते.

दातावरचं

दंतवल्क हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाने ९६ टक्के खनिज, मुख्यतः हायड्रॉक्सिअॅपटाइट, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचं खनिज. दाढेच्या टोकांवर जाडी सुमारे अडीच मिलिमीटर, हिरडीपाशी अगदी कमी. ते घडवणाऱ्या पेशी दात बाहेर येताना नाहीशा होतात, म्हणून गेलेलं पुन्हा बनत नाही. ते अर्धपारदर्शक असतं, आतल्या डेंटिनचा पिवळेपणा त्यातून दिसतो. दात पांढरे करायला खरखरीत पावडरीने घासणाऱ्याचे दात त्यामुळेच उलट पिवळे होत जातात.

गोड खाल्ल्यावर तोंडातले जंतू आम्ल करतात आणि काही मिनिटांत दातावरचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली जातो. तिथून खनिज विरघळायला लागतं. लाळ ते परत सावरते, पण त्याला अर्धा-एक तास लागतो. म्हणून किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं. दिवसभर थोडं थोडं चघळणाऱ्याच्या दातांना सावरायला उसंतच मिळत नाही. आंबट पेयानंतर लगेच ब्रश न करता अर्धा तास थांबावं, कारण तेवढ्यापुरता वरचा थर मऊ झालेला असतो. फ्लोराइड खनिजात शिरलं की ते आम्लाला जास्त टिकतं. पेस्टमध्ये ते १००० ते १५०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत तेवढे भाग, असावं. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. उलट, दात घडत असताना पिण्याच्या पाण्यातून फ्लोराइड जास्त गेलं तर दंतवल्कावर पांढरे-तपकिरी डाग पडतात. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्यासाठी घालून दिलेली मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आहे.

किडीची पहिली खूण काळी नसते, खडूसारखा निस्तेज पांढरा डाग असतो. पृष्ठभाग शाबूत असेपर्यंत फ्लोराइड आणि स्वच्छतेने तो थोपवता येतो. खड्डा पडला की भरावंच लागतं, आणि भरलेलं टिकतं ते पुन्हा सांध्यामुळे. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दाखवलं की फॉस्फोरिक आम्लाने दंतवल्क किंचित खरवडलं तर रेझिन त्याला घट्ट धरतं. आज साधारण ३७ टक्के आम्ल १५ ते ३० सेकंद लावतात, धुतात, वाळवतात. पृष्ठभाग दव पडलेल्या काचेसारखा पांढुरका झाला की आम्लाचं काम झालं. मग पातळ रेझिन त्या सूक्ष्म छिद्रांत उतरतं आणि तिथेच कडक होतं. मधल्या काळात लाळ लागली तर पकड जाते, आणि आम्लाचा टप्पा पुन्हा करावा लागतो.